विहिरीच्या वळणावरचा पिवळा झेंडा

मामा माझ्यावर पहिल्यांदा ओरडले ते मी चहा सांडला म्हणून नव्हे. कँटीनमध्ये माझ्या हातून अख्खा ग्लास सांडला, फडकं आणायला म्हणून मी पळालो आणि नेमका त्या सांडलेल्या चहावरूनच पळालो, म्हणून ओरडले. "ए लेका, निसारडं झालंय तिथं! दिसंना का तुला?" फडकं घेऊन परत येतो तर हा पन्नाशी उलटलेला माणूस त्या चहाशेजारी पिवळा रुमाल घेऊन उभा. ताट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला रुमाल हलवून दाखवत होता आणि जो हळू होणार नाही त्याच्याकडे असा बघत होता की त्या माणसाचा घास घशातच अडकावा. माझा कंपनीतला तो पहिला दिवस. मी मनात म्हटलं, याचं डोकं फिरलेलं दिसतंय.

आमच्या कंपनीचा चाकणच्या पुढे टेस्ट ट्रॅक आहे. नव्या गाड्या बाजारात जाण्याआधी आम्ही ड्रायव्हर लोक त्या तिथे पिदडतो. मी मूळचा लातूरकडचा, आयटीआय करून इकडे आलो आणि नशिबाने या कामाला लागलो. मामा ट्रॅकच्या सुरक्षेवर होते. म्हणजे ट्रॅकवर कुत्रं आलं, तेल सांडलं, गाडी बंद पडली की झेंडा घेऊन पहिले तेच धावायचे. ज्या जमिनीवर ट्रॅक झाला ती त्यांच्याच भावकीची. जमीन गेल्यावर घरटी एक नोकरी मिळाली, त्यात हे लागले.

पण जमीन कंपनीची झाली हे त्यांच्या जिभेला कधी पटलंच नाही. इंजिनियर लोकांसाठी वळणं म्हणजे एक, दोन, तीन, चार. मामांसाठी ती करवंदीचं वळण, खळ्याचं वळण, विहिरीचं वळण. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज यायचा, "इहिरीवर आइल सांडलंय, गाड्या थांबवा." एकदा हिंजवडीहून आलेला एक नवा इंजिनियर कंट्रोल रूममध्ये नकाशा पसरून अर्धा तास विहीर शोधत बसला होता. विहीर केव्हाच बुजवलेली. शेवटी त्याने चिडून विचारलं, "काका, नेमकी कुठे आहे ही विहीर?" तर मामा म्हणाले, "चार नंबरच्या खाली हाय. वर तुमची गाडी पळती."

मामा हे नाव त्यांना मुळीच आवडायचं नाही. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला लोक मामा म्हणतात म्हणून कुणीतरी यांनाही ते चिकटवलं. "त्यो पावती फाडतो. मी काय फाडतो?" असं ते विचारायचे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोलाही मग आम्ही मामी म्हणू लागलो.

मोशीहून चाकणला ते स्कूटरवर यायचे, ताशी पस्तीसच्या वर नाही. मागून कंटेनरवाले हॉर्न वाजवून आईबहीण काढायचे, हे आपले डाव्या कडेने निवांत. वाटेत एखादी गाडी बंद पडलेली दिसली की स्कूटर बाजूला लावायची, डिकीतून झेंडा काढायचा आणि क्रेन येईपर्यंत मागच्या गाड्यांना हळू करत उभं राहायचं. मग कामावर उशीर. लेटमार्कच्या वहीत कारणाच्या रकान्यात ते एकच शब्द लिहायचे, 'कंटेनर'. एका महिन्यात सात वेळा कंटेनर झाल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं. मामांनी शांतपणे विचारलं, "आठव्याला थांबू का नको, तेवडं लिहून द्या." साहेबांनी लिहून दिलं नाही. कोण देईल?

घरीही तेच. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा मामी म्हणाल्या, "दूध उतू गेलं तर मानूस गॅस बंद करंल का न्हाई? ह्ये आदी दारात जाऊन सुनंला थांबवत्यात. पाय घसरंल म्हनं." मामा खाली मान घालून भाकरी मोडत होते. मी हसलो, सूनही हसली.

सगळ्यांना वाटायचं, या माणसाच्या घरात कुणीतरी अपघातात गेलं असणार. त्याशिवाय कुणी एवढं करत नाही. मी एकदा धीर करून विचारलंच. मामा म्हणाले, "कुणी न्हाई गेलं. समदी धडधाकट हायत. का रं, कुणी मेल्याबिगर शानं व्हायचंच न्हाई का?" मला कानफटात बसल्यासारखं झालं. खरंच, मी मनातल्या मनात त्यांच्या घरातला एखादा माणूस मारून मोकळा झालो होतो.

आता शर्यतीचं सांगतो, कारण मामा म्हटलं की मला तीच आठवते.

वर्षातून एकदा, थंडीत, आमच्या ट्रॅकवर आसपासच्या कंपन्यांची शर्यत व्हायची. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, फरक ड्रायव्हरचा. शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात तो रविवारी सर्वांच्या पुढे उभा राहणार. आणि नियम असा की पिवळा झेंडा हलताना दिसला तर वेग कमी करायचा. एक झेंडा म्हणजे पुढे काहीतरी धोका आहे. दोन झेंडे एकदम म्हणजे रस्त्यावरच काहीतरी आहे, किंवा कुणीतरी आहे, थांबायची तयारी ठेवा.

कमी करायचा म्हणजे किती? सगळी मेख इथे. आमच्या समितीने ठरवलं होतं की ट्रॅकचा तेवढा तुकडा ड्रायव्हरने स्वतःच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा दोन दशांश सेकंद उशिरा पार केला की झालं. गाडीतल्या यंत्रात सगळं नोंदलं जातं, वाद नको. झालं, आम्ही सगळे त्या दोन दशांशांचे पक्के झालो. झेंडा दिसला की क्षणभर पाय उचलायचा आणि पुन्हा दाबायचा. याला आम्ही ड्रायव्हर 'नमस्कार करणं' म्हणायचो. देवळावरून बस जाताना लोक बसल्या जागी छातीला हात लावतात ना, तसा. दीडशेने येणारी गाडी नमस्कारानंतर एकशे चाळीसने जायची. कागदावर सगळं चोख.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतःचं माप काढलं. एका हाताने झेंडा हलवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं छातीशी धरायची, कधी एक, कधी चार. सेशन संपलं की चालत पिटमध्ये, म्हणजे गाड्या येऊन उभ्या राहतात तिथे, यायचं आणि प्रत्येक ड्रायव्हरसमोर उभं राहून विचारायचं, "किती बोटं?" ज्याला बरोबर सांगता आलं त्याला खिशातून खडीसाखर. बाकीच्यांना फक्त, "दिसलं न्हाई, म्हंजी थांबता आलं नसतं." खडीसाखर फारशी खपायची नाही. ड्रायव्हर हसायचे. बरेच जण अंदाजाने तीन सांगायचे. मामांना ते माहीत असणार, पण त्यांनी कधी कुणाला खोटारडा म्हटलं नाही.

मी त्यांच्याशी वाद घालायचो. म्हणायचो, "मामा, शर्यत आहे. सगळे रांगत गेले तर शर्यत कशाला म्हणायचं? दोन दशांश म्हणजे आमच्यासाठी डोंगर असतो."

"आन् माज्यासाठी?"

"तुमच्यासाठी काय?"

मग त्यांनी मला पार्किंगमध्ये नेलं. म्हणाले, "शिंक." मला काही शिंक येईना, तर म्हणाले, "येईल तवा मोज. येका शिंकंत तुजी गाडी चाळीस पावलं जाती. मी इचारून घेतलंय इंजिनियरला." आणि ते पावलं टाकत निघाले, मोठ्याने मोजत. चाळिसाव्या पावलाला ते पार गेटपाशी पोचले होते. तिथून ओरडले, "शिंकलास आन् मी मेलो!" गेटवरचा सिक्युरिटीवाला दचकून उभा राहिला. मी पोट धरून हसलो. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या वर्षी माझं बरंच काही पणाला लागलं होतं. पहिला नंबर लागला तर कंपनी मला पुढच्या वर्षी बाहेरच्या मोठ्या शर्यतींना पाठवणार होती. मी गावाकडे सगळ्यांना फोन करून सांगूनही टाकलं होतं.

क्वालिफाइंगची शेवटची दोन मिनिटं. माझ्या पुढची गाडी विहिरीच्या वळणावर गरकन फिरली आणि कडेच्या वाळूत रुतली. तिचा मागचा बंपर सुटून रस्त्याच्या मधोमध पडला. हे मला नंतर कळलं. मला लांबून दिसले ते फक्त झेंडे. दोन, एकदम हलणारे. त्याचा अर्थ मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता, मामांनीच घोकवून घेतला होता. मी नमस्कार केला. जरा जास्तच वाकून केला, पुढे कुणी बोट दाखवायला नको म्हणून. मग वळणाच्या आतल्या कडेवर नजर लावली, गाडी वळवली आणि पाय दाबला. बाकीची फेरी मी अशी काही चालवली की तशी पुन्हा कधी जमली नाही. रेडिओवर आमचे टीम मॅनेजर ओरडत होते, "पहिला! पहिला आलास राव!"

गाडीतून उतरलो, मिठ्या झाल्या, पाठीवर थापा पडल्या. तेवढ्यात मामा आले. डोक्यावर टोपी नव्हती. भुवयांवर धूळ होती. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"किती बोटं?"

मी इतका खुशीत होतो की विचारही केला नाही. "तीन," म्हणालो.

मामा हळू आवाजात म्हणाले, "मी झेंड्यापाशी नव्हतो रं."

मला काही समजेना.

"झेंडं मदतीला आलेल्या गोदामातल्या भाऊंकडं व्हतं. दोन हातांत दोन. बोटं कुटनं दाखवनार त्यो?"

"मग तुम्ही कुठे होतात?"

"रस्त्यात. बंपर उचलाय गेलो व्हतो. तू माज्या अंगाला घासून गेलास."

आजूबाजूला टाळ्या चालूच होत्या. मला त्या ऐकू येत होत्या, पण कुठल्या तरी दुसऱ्या घरातून आल्यासारख्या. मी कुणालाच पाहिलं नव्हतं. बंपर नाही, माणूस नाही, काहीच नाही. मी मामांच्या चेहऱ्याकडे बघून चेष्टेची खूण शोधत होतो. मामा कधी चेष्टा करत नसत, हेही त्या क्षणी मला आठवेना.

संध्याकाळी तीन पंचांसमोर आम्हा दोघांना बोलावलं. आधी त्यांनी माझ्या गाडीतल्या कॅमेऱ्याची फिल्म लावली. ती मी बघायला नको होती असं अजून वाटतं, आणि बघितली नसती तर काय झालं असतं याचीही भीती वाटते. फिल्ममध्ये मामा स्वच्छ दिसत होते. नारिंगी कपडे, दोन्ही हातांत बंपर, पाठ माझ्याकडे. आवाज ऐकून ते वळतात, बंपर टाकतात, एक पाय मागे घेतात. चांगले दीड-दोन सेकंद ते काचेच्या मधोमध आहेत. मग त्यांची टोपी उडते आणि मी पुढे गेलेला असतो. माझे डोळे उघडे होते, नजर रस्त्यावर होती आणि माझ्या डोळ्यांसमोरचा अख्खा माणूस मला दिसला नव्हता. मी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदाही ते तिथेच होते.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, मला हे दिसलेच नाहीत. मी वेग कमी केला नाही, फक्त पाय उचलला. माझी वेळ रद्द करा." गावाकडे केलेले सगळे फोन डोळ्यांसमोर आले, पण दुसरं काही तोंडातून निघणंच शक्य नव्हतं.

मुख्य पंच सज्जन माणूस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिसले की नाही हा प्रश्नच नाही इथे. वेग कमी केला का, हा प्रश्न आहे. तुमचा तो तुकडा अडीच दशांश उशिराचा आहे. अट दोनची होती. तुम्ही नियमापेक्षा जास्तच हळू झाला आहात." मग ते मामांकडे वळले. "तुमची तक्रार आहे का?"

मामांनी विचारलं, "ह्यो दोन दशांशाचा नियम कुणी केला?"

"आपल्याच समितीने."

"समितीतलं कोन इहिरीवर उबं ऱ्हायलंय का कदी?"

एकजण पेनाचं टोपण लावत होता, ते लागत नव्हतं.

"मंग माजी तक्रार न्हाई," मामा उठत म्हणाले. "माजा पत्ता चुकला."

वेळ कायम राहिली. रविवारी मी सर्वांच्या पुढे उभा राहणार होतो. मी खरं बोललो होतो आणि त्या खऱ्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, याचा धक्का मला फिल्मपेक्षाही मोठा होता. मॅनेजर मला दाराबाहेर म्हणाले, "वेडा आहेस का? स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घ्यायला निघाला होतास." मी मान हलवली. कशाला हलवली ते माहीत नाही.

रविवारी सकाळी सातला मामांनी मला ट्रॅकवर बोलावलं. विहिरीच्या वळणावर ते एकटेच उभे होते, हातात फक्कीचा डबा. रस्त्यावर त्यांनी पांढऱ्या फक्कीने दोन बुटांचे ठसे आखले होते. शेजारून माझ्या टायरचा काळा पट्टा गेला होता, त्याच्या कडेनेही फक्की ओढली होती. "मदी हात ठेव," ते म्हणाले. मी गुडघ्यावर बसून बुटाच्या आणि टायरच्या मध्ये पंजा ठेवला. आडवा मावला. उभा मावला नाही.

मी तिथेच बसून राहिलो. "मामा, मला दोन कानाखाली मारा," म्हणालो.

"मारू कशापायी? तू मला बगून तसा गेला असतास तर राग आला असता. तू बगितलंच न्हाईस. मला राग न्हाई रं, भ्या वाटतंय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "काल घरी जाऊन जेवाय बसलो तर हात थांबंना. भाकरी मोडता येईना. तिनं भरवलं मला. ल्हान पोराला भरवावं तसं."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. गेली कित्येक वर्षं अख्ख्या चाकणला हळू करायला निघालेला हा माणूस मला पहिल्यांदाच म्हातारा दिसला. मी त्यांचा हात धरला. तो तेव्हाही थांबलेला नव्हता.

पंचांनी त्या दिवशी मामांना पिटमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं. शर्यत सुरू झाली, मी पहिल्या जागेवरून सुटलो. विहिरीच्या वळणावर ना झेंडा होता, ना माणूस, ना काही. माझा पाय आपोआप उठला. मी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला दाबून धरायचा म्हणून दात खाल्ले, तरी उठला. एकेक करत सगळे पुढे गेले. मी नववा आलो. शर्यतीनंतर मॅनेजरनी माझ्या वेगाचा आलेख माझ्यासमोर धरला. प्रत्येक फेरीत त्याच जागी रेघ खाली जात होती. "इथे काय होतं? एवढं काय होतं इथे?" ते विचारत राहिले. मी "मामा" म्हणालो. त्यांनी वळून पिटमधल्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कागद घडी करून खिशात टाकला.

पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. भोसरीचा, हुशार, बोलायला गोड, मला भाऊ भाऊ करायचा. क्वालिफाइंगच्या सकाळी त्याने मला बाजूला घेतलं. "भाऊ, हे चार नंबरला दोन पिवळे निघाले तर किती कमी करायचं हो? तुम्हाला त्यातलं कळतं म्हणतात."

मी त्याला सगळं सांगितलं. फिल्म सांगितली, फक्की सांगितली, मामींनी भरवलेला घास सांगितला. वर्षभर कुणाला एवढं बोललो नव्हतो. म्हणालो, "तिथल्या माणसाचा चेहरा ओळखू येईल एवढं कमी कर."

त्याने मनापासून ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं, खोटं सांगत नाही. मग हेल्मेट डोक्यावर चढवत तो म्हणाला, "बापरे. नाही, हे लक्षात ठेवणार मी. पण भाऊ, दशांशात किती?"

पलीकडे विहिरीवर मामा वाळू सारखी करत होते.